गळ्यातली चावी

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. कुणी रमतगमत काम करताना दिसलं की माझे हात शिवशिवतात. लोक चहावर फुंकर मारत बसतात तेवढ्या वेळात माझा चहा पिऊन, कप विसळून, पालथा घालून झालेला असतो. पशुखाद्याच्या कारखान्यात पॅनेल सांभाळायला असंच माणूस लागतं, असं मला वाटायचं. आता वाटत नाही.

पॅनेल म्हणजे बटणांची आणि दिव्यांची एक भिंत. कुठल्या टाकीतून किती माल ओढायचा, मिक्सर कधी फिरवायचा, सगळं तिथून चालतं. आमच्याकडे पत्र्याच्या पाच उंच टाक्या आहेत, वर गोल आणि खाली निमुळत्या. चार नंबरच्या टाकीत चोथा असतो. मका भिजवून, दळून त्यातला स्टार्च काढून घेतला की मागे उरतो तो हा चोथा. गाई तो चाटूनपुसून खातात, पण त्यांच्या गव्हाणीपर्यंत तो पोचवणं म्हणजे डोक्याला ताप.

मका वाहतो. वर टाकला की खाली येतो, त्याला काही सांगावं लागत नाही. चोथ्याचं तसं नाही. जरा दमट हवा लागली, जरा गरम असताना टाकीत पडला, की तो घाम सोडतो आणि अंगाला अंग चिकटवून बसतो. खालचा माल निघून जातो, आणि वरचा कमान धरून तसाच अधांतरी राहतो. वरून बघावं तर सपाट जमीन, आणि तिच्या खाली पोकळी. त्या जमिनीवर माणूस उभा राहू शकतो. पाच मिनिटं राहू शकतो, दहा मिनिटंही राहू शकतो. मग एकदम राहू शकत नाही.

म्हणून त्या टाकीला आम्ही रुसूबाई म्हणतो. ती रुसली की तिची समजूत काढायला माझ्या सासऱ्यांना बोलावतात. तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, तरी बोलावणं येतंच. कारखान्यात त्यांना सगळे वस्ताद म्हणतात. टाकीत उतरायचं, चोथ्यावर फळी टाकायची, फळीवर उभं राहून लांब सळईने टोचे मारायचे आणि कमान थोडी थोडी पाडत मागे सरकत यायचं. हे काम आमच्याकडे त्यांना जमतं आणि थोडंफार माझ्या नवऱ्याला. नवरा हल्ली खाद्याचा ट्रक चालवतो, त्यामुळे तो बहुतेक वेळ रस्त्यावरच असतो.

आता चावीचं सांगते. टाकीच्या तळाशी स्क्रू आहे. स्क्रू म्हणजे माणसाच्या मांडीएवढं जाड लोखंडी मळसूत्र, ते फिरतं आणि माल मिक्सरकडे ओढून नेतं. ते चालू असताना कुणी आत उतरलं आणि कमान कोसळली, तर माल त्या माणसाला घेऊनच खाली जातो. कमरेपर्यंत रुतलेल्या माणसाला तिघांनी ओढलं तरी तो निघत नाही. सासऱ्यांच्या तरुणपणी दुसऱ्या एका कारखान्यात त्यांच्या डोळ्यांदेखत असं झालं होतं. तेव्हापासून त्यांचा नियम एकच. स्क्रूच्या बटणाला चावी लागते, चावी एकच असते, आणि जो आत उतरतो त्याच्या गळ्यात ती असते. साहेबांनी एकदा ‘आत माणूस आहे’ अशी पाटी करून आणली होती. सासरे म्हणाले, “पाटी वाऱ्याने पडते. पाटी कुणी वाचतं, कुणी वाचत नाही. चावी माझ्या गळ्यात असली की प्रत्यक्ष यम खाली येऊन उभा राहिला तरी त्याला बटण दाबता येणार नाही.” ती पाटी पुढे भंगारात गेली.

त्यांची आणखी एक सवय होती. टाकीच्या वरच्या तोंडापाशी, पत्र्याच्या आतल्या बाजूला, उतरताना ते खडूने एक उभी रेघ मारत. वर आले की तिच्यावर आडवी रेघ. नवऱ्यालाही त्यांनी तेच शिकवलं. नवऱ्याच्या रेघेच्या डोक्यावर एक टिंब असायचं, म्हणजे कोण उतरलं ते कळावं. पावसाचं पाणी लागत नसल्यामुळे त्या रेघा तशाच राहिल्या होत्या.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला सासऱ्यांनी रुसूबाईची समजूत काढली, वर आले, अंघोळ केली, आणि चावी गळ्यात तशीच ठेवून बसने बहिणीकडे निघून गेले. अर्धा दिवस कारखाना बंद. साहेब माझ्यावर ओरडले, मी फोनवर सासऱ्यांवर ओरडता ओरडता राहिले. संध्याकाळी ते परत आले, कान पकडून हसले, आणि माझा राग मात्र आत धुमसत राहिला. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मी कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे थांबले. दहा मिनिटांत दुसरी चावी तयार झाली. नवी, चकचकीत. पॅनेलच्या खणात टाचण्यांची एक डबी आहे, तिच्यात मी ती टाकली.

हे मी फक्त मिक्सरवाल्याला सांगितलं. तो म्हणजे अगदी गरीब गाय. सांगितलेलं काम सांगितलं तसं करतो, वर एक शब्द विचारत नाही. मला तेव्हा ह्यात काही वावगं वाटलं नाही. सासरे पुन्हा चावी घेऊन गेले तर काम अडायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ते आत असतील आणि तेव्हाच कुणी ती डबी उघडेल, हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

हे सगळं अंगाशी आलं त्या दिवशी सकाळी मला साहेबांनी साडेदहाला ऑफिसात बोलावलं होतं. मी मिक्सरवाल्याला सांगितलं, “अकराला चोथा ओढायचाय. मी आले तर आले. नाही आले तर माझी वाट बघत बसू नकोस. माझी चावी माझ्यासोबत असेल, डबीतली घे आणि चालू कर.” त्याने मान डोलावली आणि तो मागच्या शेडमध्ये क्षार मोजायला गेला.

सव्वादहाला मी सहज चाचणी म्हणून स्क्रू फिरवून बघितला. स्क्रू रिकामा खडखडत होता. चोथा खाली येतच नव्हता. मनातून मला कारण माहीत होतं. तीन दिवसांपूर्वी चोथ्याची गाडी आली तेव्हा माल हाताला कोमट लागत होता. असा माल आधी शेडमध्ये पसरायचा आणि गार झाला की मगच टाकीत चढवायचा, हा सासऱ्यांचा नियम. शेड रिकामी नव्हती. मी म्हटलं, भरा.

साहेबांना फोन करून सांगितलं, आता यायला जमणार नाही. सासऱ्यांना फोन केला. घर जवळच, दहा मिनिटांत ते सायकलवरून आले. दोरी धरायला एरवी मिक्सरवाला असतो. त्याला मागच्या शेडमधून बोलावून आणण्यात पाच मिनिटं गेली असती. मी म्हटलं, मीच येते वर.

“तू?” सासरे म्हणाले. “तुला तर शिडीच्या एका पायरीवर थांबलेलंसुद्धा सहन होत नाही.”

“चला हो बाबा, उगाच वेळ नका घालवू.”

“लग्नात मंगलाष्टकं चालू असतानासुद्धा तू घड्याळ बघत होतीस, सूनबाई. मी पाहिलंय.”

मी बटणाची चावी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली, शर्टाच्या आत सोडली, वरून हाताने चाचपली. मोबाइल खाली कपाटात ठेवले, कारण टाकीवर धूळ उडते आणि तिथे फोन न्यायला बंदी आहे. मग आम्ही चढलो. बासष्ट पायऱ्यांची उभी शिडी. वर गोल छत, भोवती कठडा, आणि मधे माणूस जाईल एवढं झाकण.

झाकण उघडल्याबरोबर आतून ऊब आली. आंबूस, गोडसर वास. सासऱ्यांनी नाक आत घालून हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं.

“गरम भरलाय,” ते म्हणाले.

मी दोरीचं वेटोळं सोडायला लागले.  त्यांनी खडू काढला, आत हात घालून एक रेघ मारली. दोरीचं एक टोक कठड्याला बांधलं, दुसरं कमरेला, मधला भाग माझ्या हातात दिला. आतल्या बाजूला भिंतीला लोखंडी कड्या ठोकलेल्या आहेत, त्यांवरून ते सात-आठ फूट खाली उतरले, चोथ्यावर फळी टाकली आणि तिच्यावर पाय ठेवला.

चोथा पिवळट, गुळगुळीत, अगदी निरुपद्रवी दिसत होता. सासरे फळीवरून चालत मध्यापर्यंत गेले. सळईने एक टोचा मारला, कान दिला. दुसरा टोचा, पुन्हा कान दिला.

“खाली चांगलीच पोकळ आहे,” त्यांचा आवाज घुमत वर आला. “ढील दे जरा.”

मी ढील दिली. तिसऱ्या-चौथ्या टोच्याला मुठीएवढं भोक पडलं आणि त्यातून चोथा सूं करत खाली गेला. कितीतरी वेळाने तळावर पडल्याचा मऊ आवाज आला.  मी यापूर्वी कधी वर आलेच नव्हते. खाली बसून मी फक्त दिवे बघायचे. हिरवा दिवा म्हणजे माल येतोय, लाल म्हणजे अडकलाय. लाल दिवा लागला की इथे, या पोकळीवर, एका फळीवर माझ्या घरातला माणूस उभा असतो, हे मला माहीत होतं, पण बघितलेलं नव्हतं.

“बाबा, सांभाळून.”

“अगं, घाबरतेस काय? चावी गळ्यात आहे.” त्यांनी छातीवर थाप मारली.

आणि त्या थापेबरोबर मला टाचण्यांची डबी आठवली.

 डबी. मिक्सरवाला. अकरा वाजता. नाही आले तर वाट बघत बसू नकोस. मनगटावरच्या घड्याळात अकराला सात कमी होते. तो क्षार मोजून पॅनेलवर परत आला असणार. मी खोलीत नाही, म्हणजे मी साहेबांकडे आहे. तो डबी उघडेल. वर कुणी आहे हे त्याला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

मी कठड्यावरून वाकून हाक मारली. खाली दळणाचं यंत्र गरगरत होतं. माझाच आवाज मला ऐकू आला नाही. कठड्याला हातोडी टांगलेली असते, ती काढून मी पत्र्यावर दाणदाण हाणली, आणि हाणता हाणताच कळलं की ह्याचा काही उपयोग नाही. चोथा सुटावा म्हणून आम्ही दिवसभर टाक्या ठोकत असतो. आमच्याकडे त्या आवाजाने कुणी मानसुद्धा वर करत नाही.

“ठोकू नकोस!” सासरे ओरडले. “मी आत असताना ठोकतात का कधी? हादरा बसतो इथे.”

मी हातोडी टाकून दिली.  खाली उतरून जाऊ का? बासष्ट पायऱ्या, मग अंगण, मग पॅनेलची खोली. आणि दोरी? दोरी सोडून गेले आणि मधेच काही झालं तर? आणि तेवढ्यात मला दुसरी गोष्ट आठवली. पॅनेलच्या खोलीतलं घड्याळ मी पाच मिनिटं पुढे लावून ठेवलेलं आहे. लोकांनी आळस करू नये म्हणून. माझ्या घड्याळात सात मिनिटं होती. मिक्सरवाल्याच्या घड्याळात दोन.

“बाबा, बाहेर या.”

“अजून चार टोचे. भोक मोठं झालं की...”

“बाबा, आत्ताच्या आत्ता या!”

“पुन्हा तुझी घाई,” ते न बघताच म्हणाले आणि त्यांनी सळई उचलली.

खरं सांगितलं तर ते घाबरतील, धावतील, आणि धावले तर कमान फुटेल. खोटं सांगितलं तर ऐकणार नाहीत.  मनात हेही आलं, खरं कशाला सांगू, लपवून ठेवीन, ते वर आले की काहीतरी कारण सांगीन. त्या वेळीसुद्धा हे मनात आलं, त्याची मला लाज वाटते.

“बाबा,” मी म्हटलं, “दुसरी चावी आहे. मी करून घेतली. खाली डबीत आहे, आणि मी मिक्सरवाल्याला सांगितलंय चालू करायला. दोन मिनिटांत.”

सळई हवेत थांबली. त्यांनी मान वर केली. आतल्या अंधूक उजेडात त्यांचा चेहरा मला नीट दिसला नाही, पण त्यांचा हात दिसला. तो शर्टावरून चावी चाचपत होता, एखादी वस्तू जागेवर आहे की नाही हे माणूस बघतो तसा.

ते धावले नाहीत. त्यांनी सळई आवाज न करता चोथ्यावर आडवी ठेवली. गुडघे टेकले, मग पोटावर पालथे झाले आणि फळीवरून सरपटत भिंतीकडे यायला लागले. मी दोरी ओढून घेत होते, एक हात, आणखी एक हात, आणि कठड्याला वेढे देत होते. फळी सात-आठ फुटांची. एवढं अंतर मी एरवी चार पावलांत कापते. त्यांना सरपटताना बघून माझ्या मनात एकच चाललं होतं, लवकर, लवकर, लवकर. आणि तोंडाने मात्र मी म्हणत होते, “हळू बाबा. हळू.”

तेवढ्यात टाकी थरथरली.

आधी पायांना जाणवलं, मग कठड्याला. खालून खडखडाट आला. स्क्रू चालू झाला होता. दोन-तीन क्षण काहीच घडलं नाही, चोथा तसाच सपाट होता. मग त्या मुठीएवढ्या भोकाच्या कडा आत पडल्या, भोक परातीएवढं झालं, आणि एकदम सगळी जमीनच मधोमध खचली. सळई गेली. फळीचं मधलं टोक खाली गेलं आणि फळी उभी होऊन आत घसरली. सासऱ्यांनी झेप घेऊन खालची कडी धरली. एक पाय कडीला लागला, दुसरा गुडघ्याच्या वरपर्यंत चोथ्यात होता, आणि चोथा पाण्यासारखा गोल फिरत खाली चालला होता.

“ओढ!” ते ओरडले. त्यांच्या तोंडून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी ओढलं. कठड्याला पाय लावून, पाठ मोडेल इतकं ओढलं. दोरीने तळहात सोलून निघाले. काही हलत नव्हतं. त्यांचा पाय चोथ्याने पकडला होता आणि चोथ्याला स्क्रू खाली ओढत होता. मी देवाला हाका मारल्या, नवऱ्याला हाका मारल्या, मिक्सरवाल्याला शिव्या दिल्या. मग सासऱ्यांनी काय केलं कोण जाणे, घोटा वळवला, पाय बुटातून सोडवला, आणि एकदम हलके झाले. मी मागे आपटले. पुन्हा उठून दोरी धरली तोवर ते दुसऱ्या कडीवर होते, मग तिसऱ्या. त्यांचा काखेतला शर्ट मुठीत धरून मी त्यांना झाकणातून बाहेर खेचलं.

आम्ही दोघं छताच्या पत्र्यावर पडून राहिलो. खाली चोथा अजून सळसळत होता. मग खाडकन आवाज होऊन स्क्रू थांबला.

  सासऱ्यांचा एक पाय उघडा होता, घोट्याजवळ सालटं निघालं होतं. मी ओढणी फाडून बांधायला लागले तर त्यांनी पाय मागे घेतला.

थोड्या वेळाने शिडीवर धापा ऐकू आल्या. मिक्सरवाल्याचं डोकं वर आलं. “ताई, तुम्ही इथे? स्क्रूत बूट अडकलाय. माणसाचा बूट...” त्याने सासऱ्यांकडे बघितलं, त्यांच्या पायाकडे बघितलं, आणि शिडीला दोन्ही हातांनी मिठी मारली.  “मला माहीत नव्हतं वस्ताद. ताईंनी सांगितलं होतं अकराला.”

“तुझी काही चूक नाही,” सासरे म्हणाले. “तू खाली जा. पॅनेल बंद कर, सगळंच.”

तो गेल्यावर ते उठून झाकणापाशी बसले. खिशातून खडू काढला. मला वाटलं आजच्या रेघेवर आडवी रेघ मारतील. त्यांनी खडू हातात फिरवला आणि विचारलं, “कधी केलीस चावी?”

“गेल्या वर्षी. तुम्ही आत्याबाईंकडे गेला होतात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

ते आत वाकले. आत्याबाईंकडे गेले त्या दिवसाची रेघ त्यांना लगेच सापडली. तिथून पुढे ते बोट ठेवत मोजायला लागले. एक, दोन, तीन. मी शेजारी बसून बघत होते. अकरा रेघा होत्या, आजची सोडून. अकराही नीट आडव्या छेदलेल्या.

“अकरा वेळा,” ते म्हणाले.

“बाबा, मला...”

त्यांचं बोट एका रेघेवर थांबलं होतं. तिच्या डोक्यावर टिंब होतं. मग ते दोन रेघा सोडून पुढे गेलं. तिथेही टिंब.

“माझं जाऊ दे,” ते म्हणाले. “ह्या दोन वेळा तो आत होता. मी इथे बसलो होतो, तू आत्ता बसलीस तिथेच. तो घाबरत होता. बाबा, माल हलतोय, म्हणाला. मी त्याला सांगितलं, बिनधास्त उभा राहा, चावी तुझ्या गळ्यात आहे.”

एवढं बोलून ते थांबले आणि त्यांचे हात कापायला लागले. आत असताना कापले नव्हते. आता त्यांना खडूही धरता येईना. तो हातातून सुटला, झाकणाच्या काठावर एकदा आपटला आणि आत गेला.

बासष्ट पायऱ्या उतरायला आम्हाला अर्धा तास लागला. मी खाली, ते वर. त्यांचा उघडा पाय मी एकेका पायरीवर हाताने धरून ठेवत होते. तीस वर्षं ते ही शिडी शीळ घालत उतरत आले होते. त्या दिवशी ते प्रत्येक पायरीला विचारत होते, “आहे ना गं खाली पायरी? नक्की आहे?”

“आहे बाबा. मी धरलीय.”

मी सांगूनही ते लगेच भार टाकत नव्हते. आधी पायाने चाचपून बघत होते.

साहेब आले, विचारपूस झाली, कागद लिहून झाले. मी सगळं होतं तसं सांगितलं. पण मला साहेबांची भीती नव्हती. दुपारी ट्रक परत येणार होता. सासरे घरी जायला तयार नव्हते. पॅनेलच्या खोलीतल्या बाकावर ते बसून राहिले, एका पायात बूट, एक पाय उघडा. दुसरा बूट मिक्सरवाल्याने स्क्रूतून काढून दाराबाहेर ठेवला होता. टाचेपासून जिभेपर्यंत तो पिळून निघाला होता, धुतलेलं फडकं पिळतात तसा.

मी भिंतीवरचं घड्याळ काढून पाच मिनिटं मागे केलं. त्याने काय होणार होतं? पण हात रिकामे ठेवले तर ते थांबत नव्हते.

चारच्या सुमारास ट्रकचा हॉर्न वाजला. नवरा नेहमीसारखा शीळ घालत आत आला. बापाकडून उचललेली सवय.

“काय बाबा, आज इकडे कुठे? रुसूबाई रुसली का?” मग त्याची नजर खाली गेली. “बूट कुठे गेला एक?”

सासऱ्यांनी गळ्यातून काळा दोरा काढला. चावी माझ्या हातात ठेवली. माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच त्या दिवसात नीट बघितलं. त्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“सांग त्याला,” ते म्हणाले.

मी खण उघडला. मिक्सरवाल्याने डबीत परत टाकलेली दुसरी चावी घेतली आणि दोन्ही नवऱ्याच्या तळहातावर ठेवल्या. जुनी, घासून काळी पडलेली, आणि नवी.

“दोन?” तो हसला. “हे काय नवीन? दुसरी कधीपासून आहे?”

“गेल्या उन्हाळ्यापासून,” मी म्हटलं.

तो अजून हसतच होता. माझ्याकडे बघत होता, बापाच्या पायाकडे बघत होता. आणि हसता हसता त्याचा मोकळा हात वर आला आणि स्वतःच्या गळ्यापाशी जाऊन काहीतरी चाचपायला लागला.